तोंडात बोळा कोंबलेलं धुराडं

मी धुराडं बोलतोय. मागच्या हिवाळ्यात एकवीस दिवस माझ्या तोंडात बोळा होता, आणि ज्या बाईच्या छातीसाठी मला विकत आणलं होतं, तिनेच तो कोंबला होता. आता बोळा निघालाय, तेव्हा मनातलं सगळं बोलून टाकतो.

माझा जन्म डोंगराखालच्या बाजारात झाला. पत्रेवाल्याने मला ठोकून गोल केलं, पण कोपर जरा वाकडं बसलं. "डोंगरावर जाणार, तिथं कोण बघतंय!" असं म्हणून त्याने मला विकून टाकलं. पंग नावाच्या म्हाताऱ्याने मला पाठीवरच्या टोपलीत उभं केलं आणि चढणभर मला शिव्या घातल्या. माझा गुन्हा एवढाच, की मला आणायला त्याच्या बायकोने नाही, डॉक्टरणीने सांगितलं होतं.

बायकोचं नाव दोंगमेई. साठी उलटलेली, रक्तात साखर, छातीला धाप. त्यांच्या घरात मधोमध उघडी शेकोटी आणि तिच्यावर आढ्याला डुकराचं मांस धुरात वाळून टिकावं म्हणून टांगलेलं. चाळीस वर्षं त्या मांसाबरोबर तीही धुरावर धरलेली. मांस निदान वर्षाने उतरवतात, हिला कोण उतरवणार?

तान नावाची गावची डॉक्टरीण महिन्याला साखर तपासायला यायची. एकदा ती वैतागली. "मावशी, औषध वाढवून वाढवून किती वाढवू? आधी हा धूर घराबाहेर काढा. छातीतून तो रक्तात उतरतो, मग साखरही औषधाला जुमानत नाही."

पंग खो खो हसला. "धुरात कुठली आलीय साखर? मी काय चुलीत ऊस जाळतो?"

"तो एकटाच गुन्हेगार नाही, काका. खारवलेलं मांस आहे, वय आहे. पण आज घराबाहेर हाकलता येईल असा तोच एक आहे."

झालं. शेकोटीच्या जागी लोखंडी बंद शेगडी आली. तिच्यातून निघून मी फळीच्या भिंतीबाहेर पडतो आणि वळचणीखाली वर वळतो. दोन महिन्यांत दोंगमेईचा खोकला बसला. "अहो, आपल्या आढ्याला गाठी आहेत हो!" एक दिवस ती वर बघत म्हणाली. चाळीस वर्षं राहून तिला ते ठाऊक नव्हतं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

मग आला वर्षाचा शेवटचा महिना. डुक्कर मारलं, मांस खारवून शेगडीवर टांगलं, गावाला जेवण घातलं. पण धूर सगळा माझ्यातून बाहेर, मांस पांढरं ते पांढरंच. जेवायला बसलेली शेजारीण वर बघून म्हणाली, "दोंगमेई, डुक्कर मारलंस, की न्हाऊ घालून वाळत टाकलंस?" हसून हसून लोकांच्या हातातले वाडगे हिंदकळले.

दोंगमेई हसली नाही. नव्या वर्षात तिच्या शहरात कामाला असलेल्या मुलाला सांगून आलेल्या मुलीची माणसं घर पाहायला येणार होती. आमच्याकडे घर पाहायला आलेला पाहुणा खोल्या मोजत नाही, आढ्याकडे बघतो. मांस काळं असेल तर बाई कष्टाळू आणि घर भरलेलं. पांढऱ्या मांसाच्या घरात कोण मुलगी देणार?

दुसऱ्या दिवशी पंग लाकडाला गेला तशी ती बाहेर वळचणीखाली स्टुलावर चढली आणि त्याचा जुना कापसाचा कोट तिने माझ्या तोंडात खचाखच कोंबला.

"माझा कोट बघितलास का गं?" पंग रोज विचारायचा.

"मी काय तुमच्या कोटाची राखण करते?"

तो थंडीत कुडकुडायचा, घर धुराने भरायचं. त्याला वाटायचं, लाकडंच ओली आहेत. मांस आधी तांबूस झालं, मग काळं. दोंगमेई मात्र पुन्हा खोकू लागली, पाण्याची बादली उचलताना मध्येच खाली बसू लागली. डॉक्टरणीने बोटाला सुई टोचली आणि आकडा बघून तिच्या भुवया वर गेल्या.

"ही चोरून रताळ्याच्या वड्या खाते!" पंगने जाहीर केलं आणि पेट्या, मडकी, तांदळाचं पिंप, सगळं उचकलं. एक वडी सापडेल तर शपथ.

"हो, खाल्ल्या," दोंगमेई खाली मान घालून म्हणाली. "दोन."

चोरीचा आळ स्वतःवर घेतला, पण माझं नाव काढलं नाही. मला तिचा राग आला, आणि कीवही आली.

एकविसाव्या दिवशी दुपारी पंग लाकडं घेऊन उतरत होता. त्याने पाहिलं, घराच्या कौलाकौलातून धूर येतोय, फक्त माझ्यातून नाही. लाकडं टाकून तो धावला. शेगडीपाशी ती भिंतीला टेकून बसली होती, ओठ निळे, उठता येत नव्हतं. त्याने तिला उचलून अंगणात आणलं. मग माझ्याकडे बघितलं, हात घातला आणि ओढलं. पहिला लोट त्याच्याच तोंडावर गेला. मुद्दाम नव्हता, पण वाईटही वाटलं नाही.

"सापडला कोट," तो म्हणाला.

"मांस उतरवू नका," ती धापा टाकत म्हणाली. "पाहुणे येतील."

"कशाला येतील? घर बघायला की तुला पोचवायला?" त्याचा आवाज फाटला. इतक्या वर्षांत त्याला रडताना तिनेही पाहिलं नसावं.

त्याच आठवड्यात त्याने डुकरांच्या गोठ्यामागे बांबूच्या तट्ट्याची खोपटी उभारली, सगळं मांस तिथं टांगलं आणि खाली देवदाराच्या ओल्या फांद्या धुमसत ठेवल्या. "पंगने डुकराला मेल्यावर बंगला बांधला!" गाव हसलं. हसू दे.

पाहुणे आले. मुलीच्या आईने रिकाम्या आढ्याकडे बघितलं. दोंगमेईचा जीव टांगणीला लागला. बाई बराच वेळ बसली, डोळे मिचकावले, पुन्हा मिचकावले.

"इथं डोळ्यांना पाणी कसं येत नाही?" ती म्हणाली. "तीस वर्षं चुलीपाशी रडतेय मी, विहीणबाई. घरात कुणी एकदा विचारलं नाही, का रडतेस."

दोंगमेईने तिचा हात धरला आणि तिला बाहेर मला दाखवायला आणलं. वाकड्या कोपरासकट.

साखर थोडी उतरली आहे. सगळं श्रेय मी घेत नाही, गोळ्या चालूच आहेत. माझं मागणं एवढंच, की महिन्यातून एकदा माझ्यातली काजळी काढा, नाहीतर बोळा न कोंबताही माझं तोंड बंद होईल.

वळचणीखालून मला चहाच्या मळ्याकडे जाणारी चढण दिसते. आज सकाळी दोघं निघाले. ती पुढे, तो मागे.

"अगं, थांब की जरा! मला धाप लागलीय!"

ती थांबली नाही.