आणखी काही?

नव्या काळ्या कोटाच्या बाहीत एक पांढरा दोरा राहून गेला होता — शिंप्याचा कच्चा टाका, काढायचा विसरलेला — आणि तो ओढावा की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. ओढला आणि बाहीच हातात आली तर? पहिल्याच दिवशी एका बाहीची वकील! तिला हसू फुटलं. हसू आलं की तिला बोलावंसं वाटे, म्हणून तिनं ओठ घट्ट मिटले.

कोर्टातल्या बाकावर तिच्या शेजारी सलूनवाले काका बसले होते, तिचे पहिले अशील. घरमालकानं त्यांच्या दुकानाला कुलूप ठोकलं होतं. आत खुर्च्या, आरसे, वस्तरे, सगळा संसार.

"अख्खी गल्ली झिपरी झालीय हो," काका कुजबुजले. "काल आमचं जुनं गिऱ्हाईक पलीकडच्या सलूनमधून बाहेर पडताना दिसलं. मला बघून घाईघाईनं टोपी घातली त्यानं! अजून थोडे दिवस असेच गेले ना ताई, तर टोपीसुद्धा घालायचे नाहीत."

ज्यांच्या हाताखाली ती वकिली शिकत होती, ते सर दुसऱ्या कोर्टात अडकले होते. जाता जाता एवढंच म्हणाले होते, "उभं राहायला कुणालाही येतं. बसायचं कधी, ते बघ."

बसायचं? — आणि भाषण? ते पाठ होतं, स्वल्पविरामांसकट. आज सकाळी न्हाणीघरात दातांचा ब्रश उंचावून ती 'अंधारात वाट पाहणाऱ्या आरशां'पर्यंत पोचली, तेव्हा बाबांनी दार वाजवलं होतं, "निकाल लागला असेल तर बाहेर या, वकीलसाहेब." घरात तिचं नाव टकळी. मामा तर ती शाळेत असल्यापासून म्हणायचा, हिला वकील करा, नाहीतरी फुकट बोलतेच आहे...

पुकारा झाला. ती उभी राहिली.

न्यायाधीश बाईंनी कागद आधीच वाचलेले दिसत होते. "नोटीस न देता कुलूप लावलं?"

"हो, मॅडम."

बाईंनी घरमालकाच्या वकिलाकडे पाहिलं. तो उठला, खाकरला, उत्तराला मुदत मागितली. मुदत मिळाली; पण बाई लगेच लघुलेखकाकडे वळून सांगू लागल्या, की दरम्यान कुलूप आज संध्याकाळपर्यंत काढावं... आणि मध्येच थांबून त्यांनी तिला विचारलं, "तुम्हाला आणखी काही बोलायचंय?"

आणखी! अहो, मी अजून काही बोललेच नाहीये — आरसे तसेच आहेत, झिपरी गल्ली तशीच आहे, ते वाक्य, ज्यावर मी स्वतःच रात्री खूश झाले होते, ते इथे, जिभेच्या टोकावर... तिनं पाहिलं, समोरचा वकील मान पुढे काढून, आशेनं, अगदी प्रेमानं म्हणावं असं तिच्याकडे बघत होता. त्याचे डोळे जणू म्हणत होते, बोल ना, बोल. एखादा शब्द पुढेमागे होईल, मला धरायला शेंडी मिळेल. तिनं बाहीतला दोरा बोटाला गुंडाळला. बोटाचं टोक लाल झालं.

"नाही, मॅडम."

आणि ती बसली.

बाहेर आल्यावर काका आनंदानं जवळजवळ धावतच होते, मग एकदम थबकून म्हणाले, "राग नका मानू ताई, पण वकील असून तुम्ही फारच कमी बोलता."

ती इतकी मोठ्यानं हसली की दोन पक्षकार वळून बघू लागले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी...

आईचा फोन आला. "काय बोललीस गं?"

"काही नाही."

"तू? बरं वाटत नाहीये का?"

रस्त्यानं चालताना तिनं भाषण मनातल्या मनात सुरू केलं. पुढच्या तारखेला घरमालकाचं उत्तर येईल, तेव्हा बोलावंच लागेल. त्या बाई तेव्हा कुणाच्या बाजूनं बघतील, कोण जाणे. पहिलं वाक्य झालं. दुसऱ्या वाक्याच्या तोंडाशी ती थांबली — विसरली म्हणून नव्हे. कोर्टात 'नाही' म्हटल्यावर जी शांतता पसरली होती, ती पुन्हा ऐकू येते का, ते बघायला... दोरा अजून बोटालाच होता. चालता चालता ती तो सोडवत राहिली, गुंडाळत राहिली.