मान खाली घालणारी ओवी

अनंतराव बोलू लागले की जोतीरामची ओवी मान खाली घालत होती.

सांगलीच्या विश्रामबागेत मुकुलचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली एक खोली आणि तिच्यात दिवाळीनंतर आलेला संगणक. अठ्ठ्याण्णव सालातली गोष्ट; तेव्हा तो संगणक नुसता बघायलाही माणसं येत. त्याच्या दोन स्पीकरांतून जोतीरामचा खडा आवाज भरभरून येत होता. मध्येच अनंतरावांचा स्वतःचा, जपून टाकलेला बारीक आवाज सुरू झाला की तो खडा आवाज एकदम लांब जाई, जणू कुणी मधलं दार लोटलं. ते थांबले की दार पुन्हा सावकाश उघडे.

अनंतरावांना काही उमगेना. जोतीराम सोमवारी येऊन गाऊन गेला होता. त्याचे ढोल-झांजवालेही तेव्हाच येऊन गेले. निवेदन वाचलं आज, शुक्रवारी सकाळी. मग आपण शुक्रवारी कुठे बोलणार आहोत, हे सोमवारी गाणाऱ्या माणसाला कळलं कसं?

"मुकुल, हा माझ्यासाठी थांबतो कसा रे?"

"तो नाही थांबत काका, मी दबवतो. म्हणजे मीही नाही, हा प्रोग्राम दबवतो." मुकुलनं पडद्यावरच्या दोन हिरव्या पट्ट्यांवर बोट ठेवलं. "साइडचेन म्हणतात याला. तुमच्या आवाजाच्या बाजूनं एक साखळी काढायची आणि ती त्यांच्या आवाजाला बांधायची. तुमच्याकडून आवाज आला की साखळी ओढली जाते, ते खाली जातात. हे डकिंग. किती पटकन दबायचं, किती हळू वर यायचं, सगळं इथं ठरवता येतं. पूर्वी हे मी हातानं करायचो, बोटांची वाट लागायची."

अनंतरावांनी मान डोलावली. काही समजलं नाही की ते अशीच मान डोलवत.

सगळी नोकरी त्यांनी साताऱ्याच्या एका वाचनालयात काढली होती, 'कृपया शांतता राखा' या पाटीच्या खाली बसून. निवृत्तीनंतर म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेत त्यांनी जोतीरामची धनगरी ओवी ऐकली आणि माणूस खुळावला. शहरातल्या लोकांनाही ती कळावी म्हणून ओळीओळीचा अर्थ लिहीत बसले. त्यातून ही कॅसेट ठरली : ओवी आणि मधून मधून निवेदन. वाचायला मिरजेचे एक गृहस्थ यायचे होते, त्यांचा घसा बसला. मुकुल म्हणाला, तुम्हीच वाचा. हे फोनवर ऐकून क्षमाताई हसल्याच. "अहो, तुम्ही रिक्षावाल्याला थांब म्हणता तेही त्याला ऐकू जात नाही," असं बायकोनंच म्हटल्यावर अनंतरावांना आणखी घाम फुटला होता.

पण खरी भीती वेगळी होती. कुणीतरी पूर्वी जोतीरामचं गाणं भरून नेलं होतं आणि त्यावर स्वतःचं भाषण चढवलं होतं. म्हणून त्यानं आधीच बजावलं होतं : "आण्णा, अर्थ खुशाल सांगा. पर माज्या ओवीच्या डोक्यावर पाय नको. ऐकून पटलं तर कॅसेट, न्हाई तर राम राम." आणि ऐकायला तो आज दुपारीच येणार होता.

"मी हळू वाचतो," अनंतराव म्हणाले. "म्हणजे ते दबणार नाहीत."

त्यांनी पुन्हा वाचलं, अगदी कुजबुजत. मुकुलनं कुजबुज ऐकू येईना म्हणून तिचा आवाज चढवला. साखळी तेवढीच ओढली गेली. जोतीराम पुन्हा लांब गेला.

अनंतराव त्या स्पीकरकडे बघत राहिले. जन्मात त्यांच्यापुढे कुणी दबलं नव्हतं. शाळकरी पोरंसुद्धा वाचनालयात त्यांच्यादेखत गप्पा मारत. आणि दबला कोण, तर जोतीराम!

एवढ्यात जोतीराम आलाच. खांद्यावर घोंगडं, डोक्याला भलं मोठं मुंडासं. "लय गार हाय की रं तुजी खोली. दूध बिध ठिवतोस काय?" असं म्हणत मांडी घालून खालीच बसला. खुर्चीकडं त्यानं बघितलंही नाही.

मुकुलनं सुरू केलं. जोतीराम डोळे मिटून ऐकू लागला. निवेदन आलं, ओवी खाली गेली. त्यानं एक डोळा उघडला. दुसऱ्यांदा गेली, दुसराही उघडला. तिसऱ्यांदा तर निवेदन नव्हतंच. 'आन् माळावरनं चालला माजा...' इथवर आवाज चढत गेला, मग खर्रकन काहीतरी वाजलं, आणि पुढचं नाव विहिरीत पडल्यासारखं बुडालं.

"आरं, नाथ कुटं गेला?"

"काकांनी पान उलटलं," मुकुल ओशाळून म्हणाला. "त्याच आवाजानं साखळी..."

"पान उलटल्यावर द्येव जातोय व्हय?" जोतीरामनं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि तो उभा राहिला. "आण्णा, तुमी बोलल्यावर वाकलो, म्हनलं जाऊं द्या. पर तुमच्या पानाला बी आमी वाकायचं?"

अनंतराव त्याच्यामागं दोन पावलं गेले. साखळीचं सांगावं तर ती त्यांनाच कळली नव्हती. तरी तोंडातून निघून गेलं, "मुकुल, ती... उलटी बांधता येते का? म्हणजे यांच्या बाजूनं काढून मला बांधायची."

"येते की. पण काका, मग ते गातील तिथं तुम्ही बुडणार. एवढं लिहिलंय तुम्ही, सगळं पाण्यात जाईल."

"जाऊ दे," अनंतराव म्हणाले. मग घाबरून म्हणाले, "जाऊ दे ना? हो. जाऊ दे."

जोतीराम दाराशीच थांबला. मुकुलनं थोडी खटपट केली आणि पुन्हा सुरू केलं. आता ओवी जागची हलत नव्हती. तिच्याखाली कुठंतरी अनंतराव पुटपुटत होते, शब्द लागत नव्हता. स्पीकरमधल्या जोतीरामनं श्वास घेतला, ढोल वाजू लागला, तेवढ्यात ते वर आले : '...म्हणून मेंढरांना आधी पाणी...' की लगेच ओवी आली आणि ते पुन्हा बुडाले. कर्ता एकीकडे, क्रियापद नाहीच. अनंतरावांनी कान झाकून घ्यायला हात उचलले आणि अर्ध्यावरच ठेवले. देवाचं नाव मात्र खणखणीत वाजलं.

"थांबीव," जोतीराम म्हणाला. "त्यो मागं कोन कुजबुजतोय?"

"मीच तो," अनंतराव म्हणाले.

जोतीरामनं त्यांच्याकडं पाहिलं आणि तो खदाखदा हसला. "आवं, आमी गायला बसलो की ह्यो एक असतोयच! फुडं ओवी चाललीया, आन् मागं एखादा म्हातारा पावन्याच्या कानाला लागून सांगत बसतोय, ह्यो कोन, त्यो कोन. लय राग येतोय बगा त्येचा. पर एखाद्या टायमाला त्यो नसला, तर कायतरी चुकल्यागत बी हुतंय."

"मग... काढू का ठेवू?"

"ऱ्हाऊ द्या म्हाताऱ्याला. पान तेवडं उलटू नगासा."

आपलं लिखाण तरलं की बुडालं, हे अनंतरावांना ठरवता येईना. चहा आला. मुकुलनं विचारलं, "काका, कव्हरवर निवेदन म्हणून तुमचं नाव घालायचं ना?"

"मला वाटतं की..." अनंतरावांनी सुरुवात केली. तोच जोतीराम बोलू लागला, साखर किती घातलीय रं ह्यात, मुंग्या लागतील मिशीला. अनंतराव थांबले. जोतीरामनं घोट घेतला. "...नाव नको, किंवा अगदी बारीक..." ते म्हणाले, तेवढ्यात जोतीरामला मुंग्यांवरून मेंढरांचं काही आठवलं आणि ते पुन्हा थांबले.

मुकुलनं दोघांकडे पाहिलं. मग वळून, संगणक बंद आहे ना, ते बघितलं.