निळ्या चादरीतलं पातं

गुडघा बदलण्याच्या एका ऑपरेशनमधून केवढा कचरा निघतो, याची पेशंटला कल्पनाही नसते. पांढुर्ण्याच्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटर सांभाळणाऱ्या प्रतिभा सिस्टरला मात्र सगळं पाठ होतं. रक्तामांसाचं पिवळ्या पिशवीत, नळ्या-हातमोजे लाल पिशवीत, धारदार वस्तू पांढऱ्या कडक डब्यात. उरायच्या त्या अवजारांच्या निर्जंतुक पेट्यांवर गुंडाळून आलेल्या निळ्या चादरी. रक्ताचा थेंब न लागलेल्या, मऊ, मजबूत. कुणाचा जीव होईल फेकायचा? त्या जायच्या सौंसरला, प्रतिभाच्या घरी, दीर हेमराज याच्या संत्र्याच्या पॅकिंगवर. क्रेटमध्ये खाली अंथरल्या की संत्रं घासत नाही. दवाखान्याचा कचरा कमी, हेमराजची सोय. सगळ्यांना हे मोठं शहाणपण वाटायचं.

त्या दिवशी टेबलावर होते रामाकोन्याचे निवृत्त शिक्षक बापूजी. त्यांना हेपॅटायटिस बी नावाची कावीळ होती. हा आजार रक्तातून पसरतो, म्हणून लोक तो लपवतात. बापूजींनी पहिल्याच भेटीत, कुणी विचारायच्या आधी, सांगून टाकलं होतं.

ऑपरेशन सुरळीत झालं. पुढचा पेशंट ताटकळला होता, खाली हेमराज गाडीचा हॉर्न वाजवत होता. प्रतिभाने निळं दिसेल ते घाईघाईने गोळा केलं आणि पिशवी खाली पाठवली. तासाभराने पांढरा डबा बंद करायला गेली, तर हाड कापायच्या करवतीचं पातं त्यात नव्हतं.

टेबलाखाली पाहिलं, पिशव्या पाहिल्या. आणि एकदम आठवलं. अवजारांच्या टेबलावरची चादरही निळीच होती, आणि ती तिनेच गुंडाळली होती.

तिने दवाखान्याचे मालक डॉक्टर श्रीकांत यांना थिएटरशेजारच्या खोलीत गाठलं. त्यांनी आधी दार लोटलं. ही गोष्ट गावात पसरली तर उद्या आपल्या दाराशी कोण येईल, असं ते म्हणाले. संध्याकाळी घरी गेल्यावर गुपचूप काढून आणा, बोभाटा नको. प्रतिभाला ते पटलंही. नोकरीची भीती कुणाला नसते? पण सासूबाईंची सवय तिच्या डोळ्यांपुढून हलेना. क्रेटमध्ये चादरी अंथरायचं काम जयवंताबाईंचं, आणि अंथरली की त्या ती तळहाताने दाबून दाबून सपाट करायच्या.

त्याच खोलीत पडद्यापलीकडे बापूजी जागे होते. कमरेखालचं अंगच तेवढं बधिर होतं, कान शाबूत होते. त्यांनी तिला हाक मारली.

"बाई, मी सारं ऐकून राहिलो," ते म्हणाले. "मी माहा आजार कायले सांगितला? माह्या रक्तानं दुसऱ्या कोणाचं वाईट होऊ नये म्हणून. लाज मलेही वाटत होती. मी आजार नाही लपवला, अन् तुमी पातं लपवता?"

प्रतिभाने तिथंच फोन काढला. हेमराज उचलेना. मग सासूबाईंना लावला.

"आई, भाऊजींनी आणलेल्या निळ्या चादरीले हात नका लावू."

"काऊन वं? मी तं अंथरून राहिली. त्यातलं काहीतरी टोचलं बोटाले. हळद दाबली."

"हळद धुऊन टाका, आई. साबणानं, वाहत्या नळाखाली. अन् अशाच इकडे या. टोचलं ते करवतीचं पातं हाये, पेशंटचं रक्त लागलेलं!"

पलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला.

"तूच धाडलं होय?"

"हो, आई. मीच."

दारात उभ्या असलेल्या डॉक्टरांनी हे सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. जयवंताबाई आल्या तेव्हा डॉक्टरांनी स्वतः जखम तपासली, कावीळ रोखणारं इंजेक्शन आणि लस दिली, पातं आणि चादरी परत मागवल्या, आणि सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. पुढचे काही महिने त्या घरात कुणाला धड झोप नव्हती. शेवटी रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा जयवंताबाई सुनेला जवळ घेऊन एवढंच म्हणाल्या, "तू सांगितलं नसतं, तं मी हळदीवरच राहिली असती."

आता पेटी उघडताच वरची चादर वेगळ्या पिशवीत जाते, आणि ती पिशवी दवाखान्याच्या कचऱ्याच्या गाडीतच चढते. पांढऱ्या डब्यात पातं पडल्याचं पाहिल्याशिवाय थिएटरमधून काहीच हलत नाही. हेमराजच्या क्रेटमध्ये पुन्हा वाळलं गवत आलं आहे.

वाचकहो, कचरा दाराबाहेर गेला की आपण सुटलो असं आपल्याला वाटतं. पण कुणीतरी तो हाताने उचलतं, उलगडतं, सपाट करतं. प्रतिभाला तो हात ओळखीचा होता, म्हणून तिने फोन केला. आपल्या कचऱ्याला लागणारा हात बहुतेक वेळा अनोळखी असतो. त्याच्यासाठीही वेगळं करायचं ते आधीच वेगळं करा, आणि चूक झालीच तर त्याला हळद लावायची वेळ येण्याआधी सांगा.