क्रांतीचा फॉर्म

मी पस्तीस वर्षं सांगलीत इंग्रजी शिकवलं आणि तेवढ्या वर्षांत एकाही पोरीला तोंडावर 'छान' म्हटलं नाही. तेव्हा क्रांतीशी मी काही वेगळी वागले नाही, असं स्वतःला बरेच दिवस बजावत होते. वागले. चांगली वेगळी वागले.

निवृत्त होऊन मी गावी परतले होते. क्रांती तिथली अंगणवाडी सेविका. नवरा फौजेतून रिटायर होऊन साखर कारखान्यावर वॉचमन. वीस वर्षं पोरांची वजनं करून आणि रजिस्टरं भरून तिला एकदाचं पर्यवेक्षिका व्हायचं होतं. परीक्षेत इंग्रजीचा निबंध होता, आणि पंचेचाळिशी उलटली की फॉर्मच घेत नसत. माझ्या दारात आली तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती.

"बाई, मला लिवायला शिकवा. बोलायचं न्हाई जमलं तरी चालंल."

फी मी घेतली नाही. मोठेपणा केला म्हणा ना. पण फुकट शिकणं तिच्या जिवाला लागत होतं. तिसऱ्याच दिवशी ती पदर खोचून माझ्या स्वयंपाकघरात शिरली.

घरात मी एकटी. मुलगा सम्मेद पुण्याला, आणि सून पुण्यात असूनही त्याहून लांब. माझ्या जिभेला कंटाळून तीन स्वयंपाकिणी पळाल्या होत्या. आमच्या जैन घरात कांदा, लसूण, बटाटा येत नाही आणि दिवस मावळायच्या आत ताट वाढावं लागतं. क्रांतीच्या हाताला हे आठवड्यात बसलं. चारला यायची, तासभर वही, मग भाकरी. वाटाण्याची उसळ अशी करायची की मी दोनदा मागून घ्यायचे. कौतुक अर्थातच केलं नाही.

पहिल्या वर्षी तिला साधं वाक्य येत नव्हतं. "फॉर्म भरू का?" तिनं विचारलं आणि मी नको म्हटलं, ते मात्र अगदी प्रामाणिकपणे.

दुसऱ्या वर्षी ती काठावर पास झाली असती. तेव्हाही मी नको म्हटलं. "नापास झालीस तर अख्ख्या गावात हसं होईल. माझंही नाव जाईल." ती मान हलवून परातीकडे वळली. बाईंनी सांगितल्याशिवाय परीक्षेला बसायचं नाही, हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं होतं, की तिनं नवऱ्यालासुद्धा विचारलं नाही.

तिसरं वर्ष शेवटचं. फॉर्मची मुदत संपायला चार दिवस होते तेव्हा तिनं एक निबंध आणून दाखवला. विषय होता कामावरचा एक अनुभव. ऊसतोड्यांच्या पालावरची एक मुलगी दर महिन्याला वजनात कमी भरायची. सेविका रागावते म्हणून आईनं तिच्या झबल्याच्या खिशात खडे घातले. क्रांतीनं मुलीला काट्यावर उचलून ठेवताना ते चाचपले, गुपचूप काढून घेतले, खरं वजन लिहिलं आणि आईला काहीच बोलली नाही. एवढंच. छोटी, सरळ वाक्यं. पस्तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थिनीनं असं लिहिलं नव्हतं. मीही कधी लिहिलं नव्हतं, आणि तेच मला जास्त झोंबलं.

पर्यवेक्षिका झाली की हिला जीप मिळेल, दौरे लागतील, हिचं चारला येणं बंद होईल. मी लाल पेन उघडलं. ठीक असलेल्या वाक्यांवर रेघा मारल्या, दोन परिच्छेद फुली मारून काढले आणि खाली लिहिलं, 'तयारी अपुरी.'

"मग औंदाबी न्हाई?" तिनं वही मिटली. "बाई, आता पुढं फारमच न्हाई."

"मग लोकांकडून हसून घ्यायचंय का?"

तिनं फॉर्म भरला नाही.

निकाल लागला त्या दिवशी शेजारच्या गावची शिवांजली पेढे घेऊन आली. तीही सेविका, वयानं बरीच लहान. क्रांती आत भाकऱ्या थापत होती.

"बाई, पर्यवेक्षिका झाले. तुमच्या पाया पडायला आले," शिवांजली म्हणाली. "तुमी ताईला शिकवायचा, ताई मला दुपारी शिकवायची. तिनं तिचा एक निबंध मला फोनवर पाठवला व्हता, त्यो खड्यांचा. तुमाला दावायच्या आधी. मी त्यो तसाच पाठ केला आन् पेपरात त्योच विषय आला. निबंधाला तालुक्यात सगळ्यात जास्त मार्क मलाच हायत."

आतली थपथप थांबली. क्रांती पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिनं पिशवीतून वही काढली, ते पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. रेघांवर पिठाचा अंगठा उमटला.

"ह्यात काय चुकलं व्हतं, बाई? एक तरी दावा."

मी चष्मा शोधायचं नाटक केलं. चष्मा डोळ्यांवरच होता. शिवांजली कधी तिच्याकडे तर कधी माझ्याकडे बघत राहिली. तिला बिचारीला कळेना, आपलं काय चुकलं.

"तुमाला सैपाकाला माणूस पायजे व्हतं," क्रांती सावकाश म्हणाली. "तोंडानं सांगायचं की. मी साहेबीन झाले असते तरी आले असते. जीप दारात लावून तुमाला भाकरी थापून दिली असती."

तिनं हात धुतले, गॅस बंद केला, शिवांजलीला पेढा भरवला. "चला मॅडम," तिला म्हणाली आणि दोघी गेल्या. त्या 'मॅडम'मध्ये थट्टा नव्हती. यापुढे तिला त्या पोरीलाच रजिस्टर दाखवायचं होतं.

मला वाईट वाटलं का? वाटलं. लाजही वाटली. पण खोटं कशाला बोलू, दार लोटलं गेलं तेव्हा मनात पहिलं आलं ते एवढंच, की आता उद्या स्वयंपाकाला कोण मिळणार.