जुने सगळे पुसले जाईल

"हे काय बालवाडीचं पुस्तक आहे?" पानावरच्या एका ओळीवर नख आपटत पंडितांनी विचारले.

'पंडित' हे ऑफिसने ठेवलेले नाव. प्रोग्रामिंगची एक भाषा त्यांनी जन्माला घातली होती आणि ती कुणाला कळली की त्यांना आपली जागा गेल्यासारखे वाटे. तिची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या बाई समोर बसल्या होत्या. एकोणीस वर्षे त्या पंडितांचे बोलणे माणसांत आणत होत्या. पूर्वी आदर होता. आता पंडित बोलू लागले की त्या त्यांच्या दाढीतला बिस्किटाचा चुरा बघत बसत.

"माझ्या मूळ वाक्यात काय वाईट होतं?"

"वाचा ना तुम्हीच."

पंडितांनी घसा खाकरला. "'लेखनपद्धतीने उघडलेल्या फाइलच्या पूर्वाशयाची अबाधितता गृहीत धरू नये.' स्वच्छ आहे की!"

टेबलाभोवतीचे चारही नंदीबैल डोलले.

बाईंनी पत्र पुढे सरकवले. बियाणे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेतल्या, कामापुरते प्रोग्रामिंग शिकलेल्या तपासनीस बाईचे. पुस्तिका बघून तिने नव्या नोंदींसाठी फाइल उघडली आणि तीन वर्षांच्या नोंदी गेल्या. 'मी तीनदा वाचलं होतं. चूक माझीच असेल,' असे तिने लिहिले होते.

"आहेच तिची," पंडित म्हणाले. "कळत नाही त्यांनी या वाटेला जाऊच नये. ही ओळ काढा."

ओळ होती : 'सावधान! फाइल अशी उघडलीत तर तिच्यातले जुने सगळे पुसले जाईल.'

"चूक असेल तर दाखवा, काढते."

पंडितांनी ती दोनदा वाचली. "चूक नाही. पण दर्जा नाही."

"मग दर्जा ठेवा तुमच्याकडे," म्हणून बाई उठल्या आणि जागेवर जाऊन त्यांनी पान प्रसिद्ध करून टाकले.

सोमवारी पुस्तिका त्यांच्याकडून काढून घेतली गेली. ऑफिसच्या सूचना तपासायचे काम हाती आले. ओळ मात्र राहिली. पुढे एका व्याख्यानात पंडितांनी ती स्वतःची म्हणून वाचली, टाळ्याही घेतल्या.

"चीड नाही येत, बाई?" सूचना न्यायला आलेल्या शिपाईमामांनी विचारले.

"येते. पण निदान एक वाक्य तरी त्यांनी समजून वाचलं असेल."

त्यांनी समोरचा कागद ओढला. 'उद्वाहनाची सेवा तूर्तास स्थगित राहील.' त्यावर काट मारून त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिले : 'लिफ्ट बंद आहे. जिना उजव्या हाताला.'