तळघरातला साधा फोन

आदल्या दिवशी बाबांनी माझ्याकडून फोन होल्डवर ठेवायचा सराव करून घेतला.

रंगाच्या कारखान्याच्या ऑफिसात मी पुढच्या टेबलावर बसायचे. वायरिंग आणि टेलिफोन बाबा सांभाळायचे. माझा स्क्रीनवाला फोन बिघडला, तेव्हा त्यांनी घरी असतो तसला साधा फोन आणून जोडला. ऑफिसच्या एक्स्चेंजवर तोही चालायचा, फक्त बटणांचं काम हाताने करायचं. बोलताना कानात 'टुक' वाजलं तर दुसरा फोन बाहेरचा, 'टुकटुक' वाजलं तर आतला. मग रिसिव्हरखालचा खटका किंचित दाबून सोडायचा, की पहिला माणूस थांबतो आणि दुसरा बोलू लागतो. जरा जास्त दाबला, तर पहिला कटतो.

मी तीन कापले.

"हिला खाटकाकडे कामाला लावा," स्टोअरवाले काका म्हणाले.

"टिचकी मारायची, महाराणी. गळा नाही दाबायचा," असं म्हणत बाबा परत तळघरात गेले. एक्स्चेंजची पेटी तिथे होती, तिच्याशेजारी भिंतीवर त्यांचा फोन. मोबाइलला तिथे रेंज नसे. दिवसभर ते मधूनच टुकटुक करत राहिले. "घेतलास? शाबास. आता बघ, गिऱ्हाईक जिवंत आहे का." नव्हतं. साहेबांनी माझी खरडपट्टी काढली. घरी जाताना मी बाबांशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी एका मोठ्या गिऱ्हाइकाची तक्रार ऐकत होते. कानात टुकटुक झालं. आतून मला फक्त बाबाच फोन करायचे. आज परीक्षा नको, असं मनात म्हणत मी खटक्याला हात लावला नाही. नऊ वेळा वाजून ते थांबलं.

जेवणाच्या सुट्टीत काका त्यांना बोलवायला खाली गेले. बाबा पेटीखाली भिंतीला टेकून बसलेले होते. हृदय, डॉक्टर म्हणाले. होऊन दोनेक तास झालेत. रिसिव्हर जागेवर होता. बाबा कुठलीच वस्तू लोंबकळत ठेवत नसत. आणि न उचललेल्या फोनची नोंद साध्या फोनवर राहत नाही. सगळ्यांनी एकच अर्थ काढला : बिचाऱ्यांना फोन उचलायलाही वेळ मिळाला नाही.

आईने तेवढंच धरून ठेवलं. येईल त्याला सांगायची, "क्षणात गेले. त्रास नाही झाला." त्या आधारावर तिच्या पोटात दोन घास जायचे. मी तिला वाढायचे आणि गप्प बसायचे.

तीन महिन्यांनी काका बाबांचा चष्मा, पक्कड आणि डबा घेऊन आले. बोलता बोलता म्हणाले, "वहिनी, बसल्या जागेवरून हात पोचेल इतका जवळ होता हो फोन."

ते गेल्यावर आई बराच वेळ डबा घासत राहिली. स्वच्छच होता तो.

"म्हणजे वेळ होता," ती म्हणाली. "पोटची पोर डोक्यावरच्या मजल्यावर बसलेली, आणि एक हाक मारवली नाही त्यांना? जन्मभर घुमे. मरतानाही घुमेच राहिले. आपण कुणीच नव्हतो का त्यांचे?"

बाबांवरचा राग तिने पहिल्यांदाच बोलून दाखवला होता. मी नळ बंद केला.

"आई, त्यांनी फोन केला होता," मी म्हणाले. "मला ऐकू आला. मी घेतला नाही."