कपाच्या कानाशी

मी भेटवस्तूंच्या दुकानात कपांवर चेहरे छापते. जुन्या नाटका-सिनेमातल्या नट्या हा आमचा चालणारा माल. कप, आरसे, पत्त्यांचे कॅट. "आजीला द्यायचंय," म्हणत लोक येतात आणि नटीचं नावही धड सांगता येत नाही. कागदावर चेहरा उलटा छापायचा, कपाला गुंडाळायचा, तापल्या यंत्रात तीन मिनिटं ठेवायचा. सात वर्षं मी पाट्या टाकतेय आणि त्याची लाजही वाटत नाही.

राणीसाहेब गेल्या त्या आठवड्यात मागणी एकदम वाढली. राणीसाहेब म्हणजे फार मोठ्या नटी; अर्धं आयुष्य मुकुट घालून काढलं म्हणून हे नाव. सिनेमात जाण्याआधी अकरा वर्षं त्या नाटकात होत्या आणि तिथं त्यांच्या मैत्रिणीचं काम माझी आई करायची. नायिकेनं मन मोकळं करायचं, मैत्रिणीनं ऐकायचं. आईची वाक्यं किती, तर "मग?", "असं म्हणाले?" आणि "पूस ते डोळे."

मालकांना कुणाकडेच नसलेला फोटो हवा होता. तो आमच्या कपाटात होता. उजवीकडे राणीसाहेब, डोळे भरलेले. डावीकडे आई, ऐकतेय. आईनं तो दिला, पण बजावून. "मला कापायचं नाही हं. आणि पहिला कप मला."

"नाही कापणार," मी म्हटलं.

मालकांनी फोटो स्क्रीनवर पाहिला. "या कडेच्या बाई कोण?"

"मैत्रीण."

"काढा त्यांना. दोन चेहरे घेतले की दोन्ही बारीक होतात."

ती माझी आई आहे, हे मी सांगितलं नाही. का नाही, मलाही माहीत नाही. भांडावंसं वाटलं नाही, रडावंसं वाटलं नाही, काहीच वाटलं नाही. रेघ ओढली, आई गेली. उरलेला चेहरा कपाच्या कानाशेजारी बसवला आणि दुपारपर्यंत नव्वद कप काढले.

आईसाठी एक कप वेगळा काढला, अख्ख्या फोटोचा. नटीच्या पोटी जन्मल्यावर एवढं नाटक येतंच.

घरी आईनं चष्मा पुसून कप हातात घेतला. "आले की मी!" ती हरखली. मग कप फिरवला. पुन्हा उलटा फिरवला. फोटो कपाभोवती गेला होता. आई एका अंगाला, राणीसाहेब दुसऱ्या. एक दिसली की दुसरी दिसत नव्हती.

"असेच सहा हवेत मला. उद्या दुकानात येते," ती म्हणाली. "आमच्या कंपनीतल्या ज्या उरल्यात त्यांना एकेक देईन."

उद्या तिला फळीवर सगळं दिसणारच होतं. कोंबडं झाकून ठेवण्यात अर्थ नव्हता. "असा हा एकच आहे. बाकीच्यांवर त्या एकट्याच आहेत. मीच कापलं तुला."

ती चिडेल असं वाटलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

"पहिल्या प्रयोगाला मी घाबरून प्रेक्षकांकडे बघत बसले होते," आई म्हणाली. "आत गेल्यावर ती म्हणाली, 'तू माझ्याकडे नाही बघितलंस तर मला रडू येत नाही गं.' मग अकरा वर्षं नजर हलवली नाही मी." तिनं कपावर बोट फिरवलं. "आता ती कुणाला सांगतेय सगळं?"

आईनं त्याच कपात चहा गाळला आणि राणीसाहेबांची बाजू स्वतःकडे करून गार होईपर्यंत बघत बसली. दुकानात येण्याचं तिनं पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी आणखी साठ कप छापायचे होते. पहिला काढला. राणीसाहेब भरल्या डोळ्यांनी कपाच्या कानाकडे बघत होत्या. तिथं कुणी नव्हतं. दुसरा काढला, त्यावरही नव्हतं. कालचे नव्वद मी न बघताच खोक्यांत भरले होते.

चौथ्या कपाला माझा हात यंत्राला टेकला. भाजतंय हे कळत होतं. तो मागे घ्यायचा असतो, हे मात्र मला जरा उशिरा आठवलं.